नवा मसाला बाजारात आणण्याआधी: २०० घरांचा ग्राहक सर्व्हे कसा करायचा

समजा, कोल्हापूरकडच्या एका बचत गटाला आपला कांदा-लसूण मसाला पुण्यात विकायचा आहे. नातेवाइकांनी खाऊन पाहिलाय, शेजाऱ्यांनी पाहिलाय, प्रदर्शनातल्या स्टॉलवर येणाऱ्यांनीही पाहिलाय. सगळे म्हणतात, ‘मस्त आहे, पुण्यात हातोहात खपेल.’ या ‘मस्त’वर विसंबून पाच हजार पाकिटं छापू नका. पाकीट हातात घेऊन समोर उभ्या असलेल्या बाईला आपल्याकडे कोणी ‘बरा नाही’ असं तोंडावर म्हणत नाही. ती माणुसकी आहे, पण तो बाजाराचा अंदाज नव्हे.

माणसाला काय वाटतं यापेक्षा त्याने मागच्या वेळी काय केलं, हे विचारायचं. पुढचं सगळं याच धोरणावर बेतलेलं आहे. उदाहरण मसाल्याचं घेतलंय, पण लोणचं, भाजणी, साबण, पणत्या काहीही असलं तरी पायऱ्या याच राहतात.

१. आधी निर्णय लिहा, मग प्रश्न

कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: या सर्व्हेनंतर आम्ही कोणता निर्णय घेणार? कोणत्या उत्तरावर ‘हो’ म्हणणार? कोणत्या उत्तरावर थांबणार?

उदाहरणार्थ: ‘पुण्यात २०० ग्रॅमचं पाकीट ११० रुपयांना आणायचं की नाही. निदान चारातलं एक घर मागच्या तीन महिन्यांत तयार मसाला विकत घेणारं असेल, तर पुढे जायचं. त्याहून कमी असेल, तर पुण्याचा विचार सोडून कोल्हापूर-सांगलीतच विक्री वाढवायची.’ ही रेषा आकडे हातात येण्याआधीच आखायची. नंतर आखली की ती आकड्यांच्या मागे मागे सरकते.

प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न या कागदाशी ताडून पाहा. ‘याचं उत्तर काहीही आलं तरी आपण काय वेगळं करणार?’ याला उत्तर नसेल, तर तो प्रश्न काढा. ‘असू द्या, माहिती मिळेल’ म्हणून ठेवलेले प्रश्नच मुलाखत अर्ध्या तासावर नेतात.

२. घरबसल्या कळतं ते आधी काढा

घरगुती खर्चाचं मोठं सरकारी सर्वेक्षण आयतं उपलब्ध आहे. २०२३-२४च्या फेरीत देशातला दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. राज्यवार आणि वस्तूंच्या गटांनुसार तक्ते सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लोकांकडे पैसा किती, हे दारोदार विचारून कधी नीट कळत नाही, म्हणून ते इथून घ्या.

या सर्वेक्षणाची एक रीत आपणही उचलावी. सगळ्या वस्तूंसाठी एकच कालावधी तिथे विचारत नाहीत. भाजी, तेल, मसाले यांसाठी मागचे ७ दिवस, काही गोष्टींसाठी ३० दिवस आणि कपडे, भांडी, टिकाऊ वस्तू यांसाठी ३६५ दिवस. माणसाची आठवण वस्तूगणिक वेगळी चालते, हे त्यामागचं कारण.

त्यानंतर दुकानं. निवडलेल्या भागातली दहा किराणा दुकानं आणि दोन मोठी स्टोअर्स फिरा. फळीवर किती ब्रँड आहेत, कोणत्या वजनाची पाकिटं पुढे मांडलीत, कोणत्या पाकिटांवर धूळ बसलीय, हे वहीत टिपा. सर्वांत खपणारं पाकीट कोणतं, हे दुकानदार दुपारी मोकळा असताना सहज सांगतो. हे दोन दिवसांचं काम प्रश्नावलीतले निम्मे पर्याय तयार करून देतं.

३. घरं कशी निवडायची

इथे सगळ्यात जास्त सर्व्हे फसतात. ओळखीतली घरं, वॉट्सॲप ग्रुप, मॉलच्या दारातली माणसं या तीन ठिकाणांहून जमवलेले ५०० फॉर्मही नीट निवडलेल्या १०० घरांपुढे फिके. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही रूझवेल्ट हरणार हा अंदाज साफ चुकला. पत्ते प्रामुख्याने टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, त्यात उत्तर पाठवणारेही ठरावीक वृत्तीचे. आजचा ऑनलाइन फॉर्म याच जातीचा.

संख्येचा हिशेब असा: अगदी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड झाली, तर १०० घरांच्या उत्तरात साधारण १० टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, २०० घरांत ७ टक्के, ४०० घरांत ५ टक्के आणि १,००० घरांत ३ टक्के. म्हणजे घरं चौपट केली की चूक फक्त निम्मी होते. शिवाय आपण एकेका वस्तीतली दहा-दहा घरं घेणार, आणि शेजारी शेजाऱ्यासारखा असतो. त्यामुळे २०० घरांचा खरा फरक ९-१० टक्क्यांचा धरा. पहिल्या निर्णयासाठी एवढं पुरतं.

निवड करण्याची सोपी पद्धत:

अ) मतदार यादीचे ‘यादी भाग’ निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर दिसतात. आपल्याला मतदारांची नावं नकोत. भागाचा क्रमांक आणि त्यात येणारे रस्ते, गल्ल्या, सोसायट्या एवढंच हवं. ही शहराची आयती वाटणी आहे.

आ) निवडलेल्या मतदारसंघात २४० भाग असतील आणि तुम्हाला २० हवे असतील, तर २४० भागिले २०, म्हणजे १२. आता १ ते १२ मधली एक चिठ्ठी काढा. ७ निघाली तर ७, १९, ३१ असं करत २३५पर्यंत जा. वीस भाग मिळाले. एखादा भाग ‘लांब आहे’ किंवा ‘तिथे झोपडपट्टी आहे’ म्हणून बदलायचा नाही.

इ) प्रत्येक भागात दहा मुलाखती. भागातली चार-पाच ठिकाणं (देऊळ, शाळा, रिक्षा स्टँड, चौक) कागदावर लिहून चिठ्ठीने एक निवडा. तिथून सुरुवात करून उजव्या हाताने चालत राहा आणि दर पाचवं दार वाजवा. इमारत लागली की वरच्या मजल्यापासून खाली या, नाहीतर बिनलिफ्टच्या इमारतीतला चौथा मजला कुणाच्याच सॅम्पलमध्ये येत नाही.

दार बंद असेल तर लगेच शेजारचं दार घेऊ नका. त्याच घरी आणखी दोनदा जायचं: एकदा संध्याकाळी सातनंतर, एकदा रविवारी सकाळी. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण मसाल्याच्या बाबतीत तोच कळीचा आहे. सकाळी अकराला जी घरात नसते, ती नोकरी करणारी बाईच तयार मसाला विकत घेण्याची शक्यता अधिक. ती सुटली, तर सर्व्हे सांगेल की पुण्यात सगळे मसाला घरीच करतात.

४. घरात कुणाशी बोलायचं

‘घरातल्या स्वयंपाकासाठी कोणता मसाला आणायचा, हे बहुतेक वेळा कोण ठरवतं?’ हा पहिला प्रश्न. ते माणूस घरी नसेल, तर वेळ ठरवून परत या. दार उघडणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याचा मोह टाळा. बाजारात कोण जातं आणि ठरवतं कोण, ही दोन वेगळी माणसं असू शकतात. पिशवी आणणाऱ्या काकांना ब्रँडचं नाव फोनवरून सांगितलेलं असतं.

सासू-सून दोघी समोर असतील, तर सून बऱ्याचदा ‘आम्ही सगळं घरीच करतो’ म्हणते आणि सासूबाई मान डोलावतात. शक्यतो एकीशीच बोला. दुसरीला पाकिटं पाहायला देऊन थोडं बाजूला गुंतवता येतं, म्हणून दोघांची जोडी असेल तर हे सोपं जातं.

गाळणीचा प्रश्न विसरू नका: घरातलं कोणी मसाल्याच्या धंद्यात, किराणा दुकानात, जाहिरातीत किंवा मार्केट रिसर्चमध्ये काम करत असेल, तर आभार मानून पुढे जा.

५. प्रश्नावली

पंचवीस प्रश्न, पंधरा मिनिटं. त्यापुढे माणूस उत्तरं देत नाही, सुटका शोधतो.

*शब्द त्या गावचा हवा.* कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे ‘चटणी’ म्हणजे तिखट-मसाला, पुण्यातल्या बऱ्याच घरांत चटणी म्हणजे दाण्याची, लसणाची किंवा ओली. ‘तुम्ही चटणी विकत घेता का?’ या एका प्रश्नाला दोन शहरांत दोन वेगळ्या वस्तूंची उत्तरं येतील. पुण्यात ‘मसाला’ म्हटलं की काहींच्या डोळ्यांपुढे गोडा मसाला येतो, मालवणी घरात मालवणी मसाला. विदर्भात ‘तिखट’ म्हटलं की लाल मिरचीपूड. म्हणून नाव उच्चारण्याआधी छोट्या पारदर्शक डबीतला नमुना दाखवा आणि विचारा, ‘याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ पुढच्या सगळ्या प्रश्नांत त्यांचाच शब्द वापरा.

*माप घरातलं हवं.* ‘महिन्याला किती ग्रॅम मसाला लागतो?’ याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं, पण माणूस भिडेपोटी ‘असेल शंभर-दोनशे ग्रॅम’ म्हणून टाकतो. घरी मसाला करणाऱ्या बाईच्या डोक्यात हिशेब मिरच्यांचा असतो: ‘मागच्या उन्हाळ्यात किती किलो मिरच्यांचा मसाला केलात? तो कधीपर्यंत पुरला?’ विकत घेणाऱ्यांना विचारा, ‘मागचं पाकीट केवढं होतं? कधी आणलं? आता किती उरलंय, जरा दाखवता का?’ स्वयंपाकघरातून पाकीट बाहेर आलं, तर ब्रँड, वजन, छापील किंमत तीन गोष्टी खात्रीच्या मिळतात. आठवणीवर विसंबायची गरजच राहत नाही.

*ऋतू लक्षात घ्या.* मार्च ते मे हा घरगुती मसाल्याचा हंगाम. तेव्हा मिरच्या वाळतात, डंकावर रांगा लागतात. त्या दिवसांत सर्व्हे केला, तर ‘विकत घेत नाही’ म्हणणारे जास्त निघतील. ऑक्टोबरनंतर घरचा डबा तळाला लागलेला असतो. श्रावणात आणि नवरात्रात अनेक घरांत कांदा-लसूणच बंद असतो, त्या काळात ‘मागच्या ३० दिवसांत’ हा प्रश्न कांदा-लसूण मसाल्यासाठी निरर्थक. कोणत्या महिन्यात विचारलं, हे अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहायचं.

*क्रम असा ठेवा:* आधी मागची खरेदी. मग न सुचवता आठवणारे ब्रँड (‘मसाला म्हटलं की कोणती नावं आठवतात?’), त्यानंतरच यादी दाखवून ओळख. मग तुमचा नमुना, मग किंमत. वय, शिक्षण, घरातल्या वस्तू हे अगदी शेवटी. ब्रँडची यादी आधी दाखवली, की ‘न सुचवता’ हा प्रश्न मेला.

काही प्रश्न बिघडलेले आणि सुधारलेले:

बिघडलेला: ‘तुम्हाला शुद्ध, घरगुती, भेसळमुक्त मसाला आवडेल का?’ याला ‘नाही’ कोण म्हणेल?
सुधारलेला: ‘मागच्या वेळी मसाला घेताना दुकानात काय काय पाहिलंत?’ पर्याय वाचून दाखवू नका, बोललेलं तसंच लिहा.

बिघडलेला: ‘आमच्या मसाल्याची चव आणि रंग कसा वाटला?’ चव आवडली आणि रंग आवडला नाही, तर बिचारीने काय सांगायचं? दोन प्रश्न करा.

बिघडलेला: ‘हा मसाला बाजारात आला तर घ्याल का?’
सुधारलेला: पाच पर्यायांचं कार्ड हातात द्या: नक्की घेईन, बहुतेक घेईन, सांगता येत नाही, बहुतेक घेणार नाही, नक्की घेणार नाही. हिशेबात फक्त ‘नक्की घेईन’ धरा, आणि त्यातलेही सगळे घेतील असं समजू नका. ‘बहुतेक घेईन’ हे आपल्याकडे सभ्य ‘नाही’ असतं. लगेच पुढचा प्रश्न: ‘हा घेतलात तर सध्याचं काय बंद होईल?’ ज्यांना याचं उत्तर देता येतं, त्यांचं ‘नक्की’ जास्त भरवशाचं.

पर्यायांची यादी लांब असेल, तर निम्म्या फॉर्मवर ती उलट क्रमाने छापा. वाचून दाखवली की शेवटचे पर्याय जास्त निवडले जातात, कार्डावर दिली की वरचे.

घराची आर्थिक पातळी मोजायला उत्पन्न विचारू नका. एकतर दार बंद होतं, नाहीतर खोटा आकडा मिळतो. २०११पासून भारतीय मार्केट रिसर्चमध्ये रुळलेली एनसीसीएस (न्यू कन्झ्युमर क्लासिफिकेशन सिस्टीम) ही घरांची वर्गवारी दोनच गोष्टींवर चालते: मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण, आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. त्या अकरा अशा: वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, मोटार, एसी आणि स्वतःची शेतजमीन. दोन मिनिटांत होतं, कुणी दुखावत नाही.

छापण्याआधी दहा घरांत प्रश्नावली चालवून पाहा. जिथे उत्तर देणारा ‘म्हणजे?’ म्हणतो, तो प्रश्न चुकलाय. समजावून सांगायची वेळ आली, तर प्रश्न बदला. प्रत्येक सर्व्हेवाला आपापल्या शब्दांत समजावू लागला, की चार जणांचे चार सर्व्हे होतात.

६. किंमत विचारायची रीत

‘किती रुपयांना घ्याल?’ असं विचारलं की घासाघीस सुरू होते. डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प यांनी १९७६मध्ये मांडलेले चार प्रश्न नवख्यांसाठी सोयीचे आहेत. २०० ग्रॅमचं पाकीट हातात देऊन विचारा:

– कोणत्या किमतीला हे इतकं महाग वाटेल की घेणारच नाही?
– कोणत्या किमतीला इतकं स्वस्त वाटेल की मालाबद्दल शंका येईल?
– कोणत्या किमतीपासून महाग वाटायला लागेल, तरी घ्यायचा विचार कराल?
– कोणत्या किमतीला ‘परवडला, चांगला सौदा’ असं वाटेल?

चारही उत्तरांचे आलेख एकाच कागदावर काढा: आडवी किंमत, उभे त्या किमतीला तसं वाटणाऱ्या घरांचे टक्के. किंमत वाढेल तशा ‘महाग’च्या दोन रेषा चढतात, ‘स्वस्त’च्या दोन उतरतात. ‘शंका येईल’ची रेषा ‘महाग वाटायला लागेल’च्या रेषेला जिथे छेदते, ती खालची मर्यादा. ‘घेणारच नाही’ची रेषा ‘चांगला सौदा’च्या रेषेला जिथे छेदते, ती वरची. किंमत या दोहोंच्या मध्ये ठेवायची. उत्तरांचा क्रम जुळत नसेल, म्हणजे ‘शंका येईल’ची किंमत ‘महाग’पेक्षा जास्त असेल, तर प्रश्न कळलेला नाही. ते फॉर्म या हिशेबातून वगळा आणि किती वगळले, ते लिहा.

चार प्रश्न जड वाटत असतील, तर निम्म्या घरांना ९० रुपयांचं आणि निम्म्यांना ११० रुपयांचं कार्ड दाखवा, बाकी प्रश्न तोच. एकाच घराला दोन्ही किमती सांगायच्या नाहीत.

एक गोष्ट मात्र करू नका: मुलाखत संपता संपता पिशवीतून पाकिटं काढून विकणं. संशोधनाच्या नावाखाली विक्री करायला मार्केट रिसर्चच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत मनाई आहे, आणि व्यवहारातही त्या गल्लीतलं पुढचं दार उघडत नाही. त्याऐवजी आभाराची भेट निवडू द्या: तुमचं पाकीट किंवा त्याच किमतीचं दुकानातलं नेहमीचं पाकीट. कोण काय उचलतं, ते टिपून ठेवा. ‘मस्त आहे’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण दुसरं पाकीट उचलतात, हे पाहण्यासारखं असतं.

७. चव: दारात नको, कढईत

चमच्यावरचा मसाला चाखून मत घेणं निरुपयोगी. कोका-कोला कंपनीने १९८५मध्ये नव्या चवीच्या जवळपास दोन लाख चाचण्या घेतल्या होत्या. नवी चव त्यांत जिंकली, बाजारात आली, आणि लोकांच्या रागामुळे तीन महिन्यांच्या आत कंपनीला जुनी चव परत आणावी लागली. घोटभर चाखणं वेगळं, रोज घरात वापरणं वेगळं.

मसाल्यासाठी २०० पैकी ४० घरांत पाकीट ठेवून या. साधं पांढरं पाकीट, ब्रँड नाही, फक्त तीन आकडी क्रमांक, उदाहरणार्थ ४१७. दोन प्रकार ताडून पाहायचे असतील, तर त्यांना ‘१’ आणि ‘२’ किंवा ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू नका, पहिल्याला उगाच मान मिळतो. निम्म्या घरांना आधी ४१७ आणि मग ८६२, निम्म्यांना उलट. पाकिटावर घटक स्पष्ट लिहा. तीळ किंवा शेंगदाणे असतील तर ते तोंडीही सांगा, कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते.

दहा दिवसांनी परत जा, सोबत छोटा डिजिटल वजनकाटा. ‘कसा वाटला?’ विचारण्याआधी उरलेला मसाला तोला. २०० ग्रॅमपैकी १९० ग्रॅम शिल्लक असेल, तर ‘छान आहे हो’चा अर्थ कळला. मग विचारा: कशात वापरला, नेहमीपेक्षा कमी टाकला की जास्त, घरात कोण काय म्हणालं.

८. कागदपत्रं आणि सामान

– प्रत्येक सर्व्हेवाल्याला फोटो असलेलं ओळखपत्र, गटाच्या शिक्क्यासह
– सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरीला पत्र: कोण, कशासाठी, कोणत्या तारखांना, संपर्क क्रमांक
– स्थानिक पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीपत्राची पोच, तिची झेरॉक्स प्रत्येकाजवळ
– संमतीचा मजकूर, मराठीत, पाच ओळींपेक्षा लांब नको
– दारांचा तक्ता: प्रत्येक वाजवलेलं दार, तारीख, वेळ, निकाल (झालं, बंद, नकार, नंतर या)
– शो-कार्ड (पर्याय छापलेली, हातात द्यायची कार्डं), लॅमिनेट केलेली, अक्षर मोठं, नमुन्याच्या डब्या
– फोन आणि पॉवर बँक. शिवाय दहा छापील फॉर्म, फोन दगा देतोच
– आभाराच्या भेटी, पाण्याची बाटली, भागाचा नकाशा

फोनवर भरायचं असेल, तर कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके हे फॉर्म भरायचं ॲप चांगलं. इंटरनेट नसतानाही फॉर्म भरता येतो, देवनागरी नीट चालते, वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदवता येतं. गूगल फॉर्मला जोडणी लागते, तळघरातल्या फ्लॅटमध्ये अडकाल.

संमतीच्या मजकुरात चार गोष्टी हव्यात: आम्ही कोण, माहिती कशासाठी, किती वेळ लागेल, कधीही थांबता येईल. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घ्या, काम झालं की काढून टाका, अठरा वर्षांखालच्यांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय नको. फोन नंबर फक्त पडताळणीसाठी, वेगळ्या कागदावर, फॉर्मवर नाही.

९. प्रत्यक्ष दारात

एका माणसाच्या दिवसाला आठ ते दहा पूर्ण मुलाखती धरा. चार जण असतील, तर २०० घरांना सहा दिवस, वर परत जाण्याचे दोन-तीन दिवस. कुणी ‘मी दिवसाला पंचवीस करतो’ म्हणाला, तर त्याला घेऊ नका.

वेळा: सकाळी अकरा ते एक, दुपारी साडेचार ते साडेसात. एक ते चार पुण्यात दार वाजवण्याचे परिणाम सांगायची गरज नाही. ज्या भागात नळाला ठरावीक तासभरच पाणी येतं, तिथे ती वेळ आधी चौकशी करून टाळा, त्या तासात कुणीही कुणाशी बोलत नाही.

पहिलं वाक्य पाठ हवं: ‘नमस्कार, आम्ही काही विकायला आलेलो नाही. स्वयंपाकातल्या मसाल्यांबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं होतं.’ हा मसाला आपल्याच गटाचा, हे मुलाखत संपल्यावर सांगा. आधी सांगितलं की कौतुक सुरू होतं. कुणाचा सर्व्हे, असं थेट विचारलं, तर खोटं बोलू नका: ‘शेवटी सांगते, आधी सांगितलं तर उत्तरं बदलतात.’ हे बहुतेकांना पटतं.

गेटवरचा वॉचमन हा खरा अडथळा. मोठ्या सोसायट्या ‘जमत नाही’ म्हणून सोडल्या, की सॅम्पलमध्ये फक्त चाळी, वाडे आणि छोट्या इमारती उरतात. पत्र दोन दिवस आधी द्या, सेक्रेटरींना फोन करा, रविवारी सकाळची वेळ मागा. तरी नकार आला, तर तो तक्त्यात नोंदवा आणि अहवालात सांगा.

१०. खोटे फॉर्म

मोबदला फॉर्मवर दिलात, तर चहाच्या टपरीवर बसून भरलेले फॉर्म येतील. दिवसाच्या हिशेबाने पैसे द्या, आणि पहिल्याच दिवशी सांगा की पडताळणी होणार आहे.

पडताळणी म्हणजे दर दहातल्या एका-दोन घरांना दुसऱ्या माणसाचा फोन किंवा भेट. तीनच प्रश्न: कोणी आलं होतं का, किती वेळ बसलं, घरात दुचाकी आहे का. मतं विचारू नका, ती खरोखर बदलतात. दुचाकी आठवड्यात बदलत नाही.

पंधरा मिनिटांची मुलाखत पाच मिनिटांत, सलग दहा फॉर्मचं ठिकाण एकच, सगळ्या प्रश्नांना ‘बहुतेक घेईन’, मोकळ्या प्रश्नांना ‘चांगला आहे’ एवढंच: अशा खुणा रोज संध्याकाळी तपासा, सहाव्या दिवशी नाही. एक फॉर्म खोटा निघाला, तर त्या माणसाचे सगळे फॉर्म पुन्हा तपासा.

११. आकडे भरणं आणि वाचणं

एक्सेलमध्ये एक घर म्हणजे एक ओळ, एक प्रश्न म्हणजे एक स्तंभ. ‘माहीत नाही’ला ९८, ‘उत्तर दिलं नाही’ला ९९. सरासरी काढताना हे आकडे वगळायला विसरलात, तर किलोत भरलेला मसाल्याचा मासिक खप भलताच फुगतो (असे अहवाल फिरत असतात). मोकळ्या उत्तरांसाठी पहिले पन्नास फॉर्म वाचून दहा-बारा गट पाडा, मग सगळ्यांना क्रमांक द्या. पिव्होट टेबलपलीकडे (एक्सेलमधला गटवार मोजणी करून देणारा तक्ता) काही लागत नाही.

टक्केवारी लिहिताना ‘कशाच्या’ हे प्रत्येक वेळी लिहा. ‘४० टक्के लोक ब्रँड बदलायला तयार’ म्हणजे २०० पैकी ८०, की विकत घेणाऱ्या ५५ पैकी २२? या दोन वाक्यांतून दोन वेगळे धंदे उभे राहतात. गटात तीसपेक्षा कमी घरं असतील, तर टक्के लिहूच नका, ‘१८ पैकी ७’ असं लिहा.

शंभर-शंभर घरांच्या दोन गटांत एकीकडे ६० टक्के आणि दुसरीकडे ५० टक्के आलं, तर कोथरूडला जास्त आवडला, हडपसरला कमी, अशी कथा रचू नका. एवढ्या संख्येला चौदा-पंधरा टक्क्यांच्या आतला फरक योगायोगानेही येतो.

१२. वस्तूऐवजी लोकमत मोजायचं असेल

कचरा वर्गीकरण, पार्किंग, महागाई अशा विषयांवर मत घ्यायचं असेल, तर दोन बदल. पहिला, घरातलं ‘ठरवणारं’ माणूस नको, कुठलंही प्रौढ माणूस हवं, आणि तेही चिठ्ठीने: ‘घरातल्या अठरा वर्षांवरच्यांपैकी सर्वांत अलीकडे वाढदिवस कुणाचा झाला?’ त्याच्याशीच बोला. नाहीतर कर्ते पुरुष सगळ्यांच्या वतीने बोलतात.

दुसरा, मताला काळाची आणि तुलनेची चौकट द्या. रिझर्व्ह बँकेचं ग्राहक विश्वास सर्वेक्षण मुंबई-नागपूरसह १९ शहरांत होतं. तिथे ‘महागाईबद्दल काय वाटतं?’ असं मोघम विचारत नाहीत. एक वर्षापूर्वीच्या तुलनेत आज, आणि आजच्या तुलनेत एक वर्षानंतर: सुधारलं, तसंच, बिघडलं. सुधारलं म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांतून बिघडलं म्हणणाऱ्यांचे टक्के वजा करून त्यात १०० मिळवतात, म्हणून १००च्या वर आशा, खाली निराशा. वॉर्डातल्या रस्त्यांसाठी हीच पद्धत जशीच्या तशी चालते. तोच प्रश्न, तेच शब्द, सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. ‘तुम्ही ओला-सुका कचरा वेगळा करता का?’ याला मात्र सगळे ‘हो’ म्हणतात. तिथे ‘काल कचऱ्याचे किती डबे बाहेर ठेवलेत?’ असं विचारायचं, आणि घंटागाडीच्या वेळेला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मोजायचं.